मथुरेचा तांब्या

हा लेख लघवीविषयी आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्याकडे हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. "मागच्या दारी जाऊन येते" असं काहीबाही म्हणतात, आणि दवाखान्यात गेल्यावर तेवढंही म्हणत नाहीत. "खाली जळजळतं" एवढं सांगून बाया पदराचं टोक बघत बसतात. मीही तशीच बसले होते. मी म्हणजे जिनं अंगणवाडीच्या नोकरीत गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला "पाणी पी, लघवी धरून ठेवू नको" म्हणून फैलावर घेतलं, तीच मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या बाबतीत त्यातलं कोरडेपण अगदी खरं होतं. ते कसं, हे सांगायचंय. वाचून एखादी जरी वेळेवर डॉक्टरकडे गेली, तरी माझी लाज कामी आली म्हणायची.

बसलीस की बस

माझं नाव इंदू. गाव शहापूर तालुक्यातलं, शेणव्याच्या बाजूचं. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले, पण आजूबाजूच्या गावांत मला ओळखतात ते धवलारीण म्हणून. आमच्याकडच्या लग्नात प्रत्येक विधीला एक गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. मांडवात उंबराची फांदी आणताना वेगळा, नवरीला हळद लावताना वेगळा. भटजी येतात, मंगलाष्टका होतात, ते सगळं असतंच. पण धवला म्हटल्याशिवाय हळद लागली असं जुनी माणसं मानत नाहीत.

धवला एकटीनं होत नाही. एक बाई ओळ टाकते, दुसरी ती उचलते. मी टाकते आणि मथुरा उचलते. मथुरा सापगावची. आम्ही दोघी नव्या सुना होतो तेव्हापासून जोडीनं बसतोय. शहापूर तर आमचंच, पण मुरबाडकडून, पार म्हशाच्या पलीकडच्या गावांतूनही आम्हाला सुपारी येते. आवाज माझा मोठा. तिचा बारीक, पण सुतासारखा सरळ. कुठे तुटत नाही.

हे मला माझ्या चुलतसासूनं शिकवलं; काकी म्हणायचो आम्ही तिला. तिनं पहिल्या दिवशी गाणं नाही शिकवलं, नियम शिकवला. धवला लागला की मधे तोडायचा नाही, आणि धवलारणीनं जागेवरून हलायचं नाही. "बसलीस की बस," एवढंच म्हणाली. हळदीचे धवले एकामागून एक चालतात. नवरीला लावणाऱ्या बायांची रांग संपत नाही तोवर आमची सुटका नाही.

आता इतका वेळ बसायचं तर काय करायचं? आम्ही सगळ्या धवलारणी करतात तेच करायचो. लग्नाच्या आदल्या दुपारपासून पाणी बंद. घसा ओला राहावा म्हणून तेवढा चहा घ्यायचा, आणि निघताना शेवटचं जाऊन यायचं. वैशाखातली हळद, मांडवाला पत्रा, समोर दोनशे माणसं, आणि आम्ही दोघी भाजलेल्या पापडासारख्या कोरड्या बसलेल्या. याचा मला अभिमान होता. "इंदूबाई बसली की बसली" असं लोक म्हणत, आणि मी ते ऐकून आणखी ताठ बसे.

मथुरेची मात्र एक खोड होती. मांडवात बसली की डाव्या गुडघ्याशी ती पाण्यानं भरलेला पितळेचा तांब्या ठेवून घ्यायची. स्वतः त्यातलं घोटभर पाणी कधी प्यायली नाही. दुसऱ्या कुणी हात लावला तर हातावर चापट. "देवाचा हाय तो," म्हणायची. मी चिडवायचे, "मथे, तुझा देव काय तांब्यात बसलाय काय गो?" ती नुसती हसायची. बरं, हिचं बघून दोन-तीन गावांत पद्धतच पडली. धवलारणीच्या डावीकडे भरलेला तांब्या नसेल तर तिथल्या म्हाताऱ्या आधी तांब्या मागतात. रूढी कशा जन्माला येतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

उन्हाळी

लग्नं उन्हाळ्यात. त्यामुळे जळजळ सुरू झाली की सगळ्या म्हणायच्या, उन्हाळी लागली. नावच तसं, मग शंका कशाला घ्यायची? धण्या-जिऱ्याचं पाणी प्यायचं, सब्जा भिजवायचा, वाळा टाकलेलं माठातलं पाणी प्यायचं. पाणी पोटात गेलं की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं ते वाळ्यानं असं आम्ही धरून चालायचो. फारच झालं तर मेडिकलवाल्याकडून गोळ्या. दोन गोळ्यांत आग थांबली की उरलेल्या डब्यात, पुढच्या लग्नासाठी.

अशी काही वर्षं गेली. उन्हाळी पावसाळ्यातही लागायला लागली, हिवाळ्यातही. मग त्यात दुसरं दुखणं मिसळलं. खोकला आला की थेंब सुटायचे. हसले की सुटायचे. घराच्या दारात पोचले की अशी घाई व्हायची की कडी काढेपर्यंत धीर निघायचा नाही. जुन्या लुगड्याची फडकी घ्यायला लागले. ती धुऊन गोठ्यामागे, पेंढ्याच्या उडवीच्या आडोशाला वाळत घालायचे. कुणाला कळत नाही, असं मला वाटत होतं.

मी हसायचं सोडलं. बायांच्यात बसायचं सोडलं. एस.टी.ने जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून घरीच राहायचे. फक्त धवले सोडले नाहीत. तेवढं एक माझं होतं.

ती हळद

शेणव्याच्या रस्त्यावरच्या एका गावात हळद होती. सकाळपासून जळजळत होतं, अंगात कणकण होती, तरी बसले. नवरीच्या आत्याची पाळी झाली, मामीची झाली. शेवटचा धवला लागला आणि मला एकदम समजलं की आता जमणार नाही. मी आवळलं, श्वास धरला. तोंडातली ओळ तिथंच अर्धी राहिली. खाली सगळं गरम झालं. थेंब नव्हे, सगळं. नेसूचं पातळ भिजलं, चटई भिजली. समोर सगळा गाव, आणि दोन मिनिटांनी धवला संपला की मला उठावं लागणार.

माझ्या अर्ध्या ओळीचा दुसरा अर्धा मथुरेनं पुरा केला. पुढची ओळ तिनं स्वतः टाकली आणि स्वतःच उचलली. आणि त्याच दमात तिचं कोपर तांब्याला लागलं. लागलं म्हणजे असं लागलं की भरलेला तांब्या माझ्या मांडीवर उपडा. माझ्या मांडीवरून तिच्या मांडीवर, चटईवर, हळदीच्या ताटापर्यंत पाणीच पाणी. गाणं मात्र तिनं सोडलं नाही. शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं, आणि मग आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. "हात मोडला मेला माझा. बाईला आंघोळच घातली मी. म्हातारी झाले गो बाय."

बाया हसल्या. कुणी टॉवेल आणला, नवरीच्या आईनं आम्हा दोघींना आपली पातळं नेसायला दिली. कुणाला काही कळलं नाही. मी आयुष्यात शिकलेली, मोठमोठ्या हुद्द्यावरची पुष्कळ माणसं पाहिली, पण ऐन वेळेला इतकी झटपट आणि इतकी मायेनं चाललेली बुद्धी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. चारचौघांत स्वतः वेंधळी ठरली आणि मला झाकलं.

परतताना सापगावच्या फाट्याला रिक्षातून उतरता उतरता ती म्हणाली, "डॉक्टरकडं जायाचं आता. मी येतंय सोबत."

"बघू," मी म्हटलं. माझा बघूचा अर्थ तिला चांगला माहीत होता.

"सुटते"

बघायची वेळ आली नाही. तापानं हुडहुडी भरली, पाठीत एका बाजूला कळा यायला लागल्या, आणि सकाळी मोरीत पाहिलं तर लघवी लालसर. मी नवऱ्याला हाक मारली. आमचे हे कारखान्यातून निवृत्त झालेले, मिशाळ, कमी बोलणारे. त्यांनी पाहिलं आणि लगेच शेजाऱ्याची गाडी बोलावली.

शहापूरच्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या सुनेएवढी. तिनं आढेवेढे न घेता विचारलं, "काकी, जळजळ कधीपासून? लघवी आपोआप सुटते का?"

"नाय," मी म्हटलं.

"सुटते," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते भिंतीकडे बघत डॉक्टरणीला म्हणाले, "दोन वर्षं तरी झाली. ती सांगत नाय, मी विचारत नाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमचं संडास-मोरी घराच्या मागे, अंगण ओलांडून. दोन वर्षांपूर्वी यांनी तिथपर्यंत जायच्या वाटेवर दिवा लावला होता, फरशा टाकल्या होत्या, आणि संडासाची कडी काढून नुसतं ढकलायचं दार केलं होतं. "घराला नसते उद्योग," म्हणून मी तेव्हा भांडले होते. ते सगळं माझ्यासाठी होतं. दवाखान्याच्या त्या स्टुलावर बसून मला रडू आलं, ते दुखण्याचं नव्हतं.

सोनोग्राफी झाली, लघवी तपासायला गेली. डॉक्टरीण म्हणाली, संसर्ग वर किडनीपर्यंत चढलाय, दाखल व्हा. मग म्हणाली, "रक्त दिसलंय, त्यामुळे बरं झाल्यावर एकदा दुर्बिणीनं आतून बघून घ्यायचं. बहुतेक संसर्गाचंच असेल, पण या वयात बघायचंच." ती जे बोलली नाही ते आम्हाला बरोबर ऐकू आलं. भेटायला आलेली नणंद माझ्या सुनेच्या कानाशी लागून म्हणाली, "तसलं काय नाय ना?" त्या रोगाचं नावसुद्धा घेत नाहीत आमच्यात. मी डोळे मिटून पडले होते, कान उघडे होते.

पिशवी

लघवी पूर्ण बाहेर पडत नव्हती, आत साठून राहत होती, म्हणून नळी घातली आणि पिशवी लावली. ती पिशवी मी चादरीखाली लपवायचे. तिथल्या सिस्टर मुरबाडच्या, गोल चेहऱ्याच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी चादर सरळ बाजूला केली. "काकी, तुमी खोटं बोलाल, पिशवी बोलणार नाय. ती लपवायची नाय."

त्यांनी यांना शिकवलं की पिशवी कायम कमरेच्या खाली धरायची, वर नेली तर घाण परत आत जाते. झालं. मी व्हरांड्यात फेऱ्या मारायला निघाले की हे मागून पिशवी घेऊन, इतके वाकून चालायचे की बघणाऱ्याला वाटावं आजारी तेच आहेत. भर गर्दीच्या वेळेला, मिशीवाला माणूस, बायकोच्या लघवीची पिशवी हातात घेऊन. गावातले लोक भेटायला आले तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही. उलट सांगायचे, "आज रंग बरा हाय. काल चहावानी व्हती." मी म्हटलं, "अहो, गप बसा की." तर म्हणाले, "भाताचं पाणी बघतो ना, खत बघतो ना? मग हे का नाय बघायचं?"

औषध सलाइनमधून जात होतं. ताप उतरला. सकाळी फरशी पुसल्याचा वास, मग सिस्टरांचं "काकी, किती ग्लास झाले?", मग पेज, मग डॉक्टरांची फेरी. पाणी मोजून प्यायला लावायच्या. इतकं पाणी मी लग्नाच्या मोसमात आठवड्याला प्यायले नसेन. नळी काढल्यावर पहिल्यांदा आपसूक आणि न जळता लघवी झाली, तेव्हा मी मोरीत हात जोडले. हसू नका. ज्यांनी ते भोगलंय त्यांना कळेल.

दोरीवरची फडकी

घरी आले तर अंगणात, सगळ्या गावासमोर, दोरीवर माझी फडकी. सून कल्पनानं उडवीमागून काढून उकळत्या पाण्यात धुऊन ओळीनं वाळत घातली होती. मी दारातूनच तोंड सोडलं. बोलू नये ते बोलले. ती दोरीवरचं फडकं नीट करत म्हणाली, "आई, सावलीत वाळतात म्हणून ती ओलसर राहतात आणि परत परत इन्फेक्शन होतं. मी डॉक्टरांना विचारून आले. लोकांचं मी बघते." खरंच एक शेजारीण विचारायला आली होती, तिला हिनं सांगितलं, "सासूबाईंचे कपडे हायत, आजारी व्हत्या. तुमचे वाळत नाय काय?" पुढे तिनं मला तयार मिळणारे पॅड आणून दिले, तेही न बोलता, उशाशी ठेवून.

मुलाशी मात्र वाजलं. तो म्हणाला, "आई, आता बस झाले धवले. डीजे असतो, कोण ऐकतं? आजारपण त्याच्यानंच आलं ना?" त्याचं चुकत नव्हतं, म्हणून जास्त लागलं. माझंही तेच ठरत आलं होतं. एवढ्या लोकांत परत बसायचं, आणि या वेळी तांब्या वेळेवर लवंडला नाही तर?

दुर्बीण

दुर्बिणीच्या तपासणीला कल्याणला गेलो. यांनी म्हशाच्या देवाला काय कबूल केलं होतं, ते अजून मला सांगितलेलं नाही. मथुरा आली होती. तपासणी वाटते तेवढी भयंकर नसते. जागा बधिर करतात, थोडं टोचतं, खूप लाजल्यासारखं होतं आणि संपतं. भयंकर असतं ते बाहेर बाकावर बसून राहणं.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आत काही वाईट नाही. मूत्राशय सुजलेलं आहे, बस." मथुरेनं माझा हात इतक्या जोरात दाबला की बांगडी पिचली.

मग त्यांनी समजावलं. पाणी कमी प्यायचं, लघवी तासन्‌तास धरायची, गोळ्या अर्ध्यात सोडायच्या, म्हणून संसर्ग पक्का झाला. पाळी गेल्यावर तिथली कातडी कोरडी पडते, त्यानं भर पडली. त्याला मलम असतं. आणि बाळंतपणांनी व वयानं खालचे स्नायू सैल होतात, म्हणून सुटते. त्याला व्यायाम असतो. ऑपरेशन लागलंच तर नंतर बघू, आधी हे करा. चहा कमी, पाणी दिवसभर थोडं थोडं, आणि लागो न लागो, ठरावीक वेळेला जाऊन यायचं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही. पुन्हा जळजळ झाली तर मेडिकलवाल्याकडे जायचं नाही, आधी लघवी तपासायची आणि दिलेल्या गोळ्या शेवटच्यापर्यंत घ्यायच्या.

मी मान डोलावत होते. मथुरेनंच विचारलं, "डॉक्टर, समजा कुणाला लय जुनं असंल, पार पहिल्या बाळंतपणापास्नचं, तर त्यालाबी हा व्यायाम चालतो?"

"चालतो की. कुणाला आहे?"

"हिलाच," मथुरा म्हणाली. मला नवल वाटलं, कारण माझं तेवढं जुनं नव्हतं. पण तेव्हा मी 'आत काही वाईट नाही' या आनंदात होते.

एक ओळ आवळ, एक ओळ सोड

व्यायाम असा, की लघवी किंवा वारा अडवताना जे आवळतो ते आवळायचं, धरायचं आणि सोडायचं. लघवी करताना नाही, एरवी. बसून, आडवं पडून, कसंही. बाहेरून कुणाला कळतही नाही. मला पहिल्या आठवड्यात काय आवळतेय आणि काय सोडतेय हेच समजेना. पोट आवळलं जायचं, दात आवळले जायचे, पाहिजे ते नाही.

मथुरा रोज दुपारी सापगावहून यायला लागली. म्हणाली, "आकडे मोजू नको. धवल्याच्या चालीवर कर. मी ओळ टाकतंय, तेवढा वेळ आवळ. दुसऱ्या ओळीला सोड." आयुष्यभर मी टाकली आणि तिनं उचलली, आता उलटं. पडवीत दोघी भिंतीला टेकून बसायचो, ती हळू आवाजात म्हणायची आणि आम्ही दोघीही आवळायचो-सोडायचो.

"तू कशाला करतेस गो?" मी विचारलं.

"तुला एकटीला लाज वाटंल म्हणून."

एकही दिवस तिनं चुकवला नाही. मी कंटाळले की रागवायची. पावसाळा गेला, भात कापून झालं, म्हशाची जत्रा आली. जत्रेत पाळण्यांपाशी उभी राहून मी खो-खो हसले, आणि हसून झाल्यावर ध्यानात आलं की काही सुटलं नाही. ते मी कुणाला सांगणार? तिला सांगितलं. तिचे डोळे भरले. सगळं जादूनं गेलं असं नाही. जोराची शिंक आली तर अजून थेंब येतो, घाईही होते. पण ती आता मला विचारून होते.

म्हशाकडचं लग्न

वैशाखात मथुरेच्या बहिणीच्या मुलीचं लग्न निघालं, म्हशाच्या पलीकडे. मथुरेनं मला न विचारता दोघींची सुपारी घेतली.

"मी येणार नाय," मी म्हटलं. "मला आता मधे जावं लागतं. डॉक्टरांनी धरायचं नाय म्हणून सांगितलंय. धवल्यात कशी उठू? काकी काय म्हणायच्या?"

मथुरा तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "काकी म्हणायच्या धवला तोडायचा नाय. तू उठलीस तर धवला कुठं तुटतोय? मी बसलेली हाय ना?"

"आणि मी आले नाय तर?"

"तर मीबी जात नाय. एकटीचा धवला नसतो." मग म्हणाली, "त्या पोरीची हळद आपल्याबिगर लागंल. लागू दे."

हे तिनं इतक्या शांतपणे म्हटलं की मी उठून कपाटातलं हळदीचं पातळ काढलं.

त्या दिवशी मी सकाळपासून पाणी प्यायले. मांडवात बसण्याआधी प्यायले, बायांच्या देखत. मथुरेच्या डाव्या गुडघ्याशी तांब्या होताच, तिथल्या पोरींनी आपणहून भरून ठेवलेला. नवरी पाटावर बसली. मी ओळ टाकली, तिनं उचलली. आवाज लागला, मांडव गप्प झाला. पाच-सहा धवले झाले असतील, आणि मला लागली. पूर्वी मी आवळून बसले असते. आता मी ओळ पूर्ण केली, मथुरेकडे बघितलं आणि उठले.

एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगो, ही उठली."

मथुरेनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी ओळ टाकली, आपली उचलली. मी घरामागे मोरीत गेले, आणि तिथं बसून मला तिचा आवाज एकट्याचा ऐकू येत होता. इतक्या वर्षांत तो मी असा कधी ऐकलाच नव्हता, माझ्या आवाजाखालीच असायचा. केवढी ताकद होती त्यात. मला घाई करायची गरज नव्हती. हात धुतले, परत येऊन बसले आणि पुढची ओळ माझ्या तोंडून गेली. धवला कुठेच तुटला नाही.

तेवढ्यात मथुरेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती उठली.

मी तिला मांडवातून उठताना कधीच पाहिलं नव्हतं. ती लगबगीनं, पाय जवळ धरून, मागच्या दारानं गेली. ते चालणं मी ओळखलं. माझंच होतं. दोघींच्या ओळी म्हणता म्हणता माझी नजर त्या तांब्यावर गेली. काठोकाठ भरलेला. कधी न प्यायलेला. दर लग्नात, इतकी वर्षं, गुडघ्याशी.

ती आली, बसली, ओळ उचलली. धवला संपल्यावर मी हळूच विचारलं, "हा तांब्या देवाचा नव्हताच ना गो?"

"नाय," ती म्हणाली. "मला पहिल्या बाळंतपणापास्नं सुटते. माझ्यासाठीच ठेवत व्हते, लवंडायला. लागला मात्र तुझ्या कामी."

"मला सांगितलं का नायस?"

"तू मला सांगितलं व्हतंस?"

त्या हळदीच्या दिवशी तिनं आपली एकुलती एक ढाल माझ्यावर ओतली होती, आणि घरी पोचेपर्यंत स्वतः तशीच, आधाराशिवाय राहिली होती. हे मला आता कळत होतं. मी तिचा हात धरला तर तिनं सोडवून घेतला, कारण समोर नवरी काहीतरी बोलत होती. हळदीनं माखलेली पोर, ओठ सुकलेले. "मावशी," ती तांब्याकडे बघत म्हणाली, "घोटभर पाणी पिऊ काय? आई म्हणते विधी व्हईपर्यंत पिऊ नको, मधे उठायला लागंल. पण हा देवाचा ना?"

मी मथुरेच्या चापटीची वाट बघत होते. तिनं तांब्या उचलला आणि पोरीचे हात हळदीचे म्हणून स्वतःच तिच्या ओठांना लावला.

"देवाचाच हाय. पी," ती म्हणाली. "आणि लागली की उठ. आमी धवला धरून ठेवताव."